रांजणाच्या तळाची माती

वन्सं, तुमचा रांजण अजून फोडलेला नाही.

सुतक फिटलं. घर सारवून झालं, चूल नवी घातली, स्वयंपाकघरातली पाण्याची मडकी कामाला येणाऱ्या चांगुणानं गोठ्यामागे नेऊन फोडली. राहिला आहे तो माजघराच्या कोपऱ्यातला तुमचा रांजण, कमरेपर्यंत जमिनीत पुरलेला. भटजी जाताना उंबऱ्यात थांबले आणि म्हणाले, "बाई, तेवढा रांजण काढा. मातीचं भांडं सुतक धरून राहतं." मी बरं म्हटलं. उभी हयात मीच म्हणत आले की हा रांजण काढा. आता सगळे म्हणत आहेत काढा, तर माझाच हात उठत नाही.

ही पानं मी मुलतानला, उमरावतीला आणि मद्रासला पाठवणार आहे. आत्या गेली एवढं मुला-नातवंडांना तारेनं कळलं. तारेत तेवढंच मावतं. बाकीचं मी तुमच्याशी बोलते, त्यांनी ते ऐकावं. त्यामुळे तुम्हाला ठाऊक असलेल्या गोष्टीही इथे सांगाव्या लागतील. "तेच तेच काय सांगतेस गं" असं म्हणू नका.

ताप दोनच दिवसांचा. चैत्र संपत आला होता, दुपार जळत होती. तुम्ही पाणी मागितलंत. मी माझ्या तांब्यातलं, उकळून गाळलेलं दिलं. एक घोट घेतलात आणि ओठ मिटलेत. "हे नको गं. हे मेलेलं पाणी." तापातसुद्धा तुम्ही माझ्या पाण्याला नावं ठेवलीत, तेव्हा मला क्षणभर बरंच वाटलं. म्हटलं, आता उतार पडणार. उठून रांजणातलं आणलं. ते मात्र नीट प्यालात. मग माझ्या पदराचं टोक धरून म्हणालात, "वैनी, रांजण... ती माती तेवढी..."

तेवढ्यात घाट चढवायचं इंजिन लावून गाडी कर्जतहून पळसदरीकडे निघाली. तिची शिट्टी लांबली. मी कान तुमच्या तोंडाशी नेऊन थांबले. शिट्टी थांबली तेव्हा तुम्हीही थांबला होतात.

ती माती तेवढी काय, वन्सं? टाकून दे? जपून ठेव? मुलांना वाटून टाक? माझी सगळी शिस्त तुम्हाला ठाऊक आहे. डबे ओळीनं, कपडे घडीवर घडी, पत्राला पत्र त्याच आठवड्यात. अर्धं वाक्य मला घरात ठेवता येत नाही. ते पुरं झाल्याशिवाय रांजण फुटायचा नाही, असं मी मनाशी ठरवलं आहे.

आणखी एक आहे. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मला विचारलं, "पाणी कुठलं पितात?" मी म्हटलं, "घरचं." त्यांनी पुढे विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. मातीनं तुम्हाला ताप आला, की इतकी वर्षं त्याच मातीनं तुम्हाला धरून ठेवलं? हा आपला वाद तुम्ही निम्म्यावर सोडून गेलात. समोर कुणी नसताना वाद जिंकण्यात काही अर्थ नाही.

*

मुलांसाठी सांगते. मी या घरात सून म्हणून आले, त्याच वर्षी तुमचं कुंकू पुसलं होतं. मी हळदीतली, तुम्ही तांबड्या आलवणातल्या, दोघी एकाच माजघरात, जवळजवळ एका वयाच्या. नाव तुमचं मथुरा, आणि जन्मात तुम्ही खंडाळ्याच्या पलीकडे पाऊल टाकलं नाहीत. माझ्या वडिलांनी मला मुंबईत इंग्रजी शिकवलेलं. माझ्या पेटीत लुगड्यांच्या खाली इंग्रजी पुस्तकं होती आणि हिंदुस्थानचा एक रंगीत नकाशा. पेटी उघडताना तुम्ही खांबाआडून पाहत होता. पहिलं वाक्य बोललात ते हे: "काय गं, उखाणा पण इंग्रजीतच घेतेस का?"

मी रडायच्या बेतात होते, ती हसले. त्या दिवसापासून आपलं जमलं आणि त्या दिवसापासूनच आपलं भांडण.

भांडण या रांजणाचं. उल्हास नदीचं पाणी त्यात भरायचं. पाणी काढण्याआधी तुम्ही करवंटीच्या ओगराळ्यानं काठावर टक् टक् असं दोनदा वाजवायचा. पाणी निजलेलं असतं, त्याला दचकवू नये, म्हणायचा. वर्षातून एकदा, चैत्रात, रांजण रिकामा करायचा. खाली बसलेला गाळ हातानं काढायचा, त्याच्या वड्या थापायच्या आणि सुपात घालून उन्हात वाळवायच्या. घरातून कुणी परमुलखात निघालं की त्याच्या उपरण्याच्या कोपऱ्यात एक वडी बांधून द्यायची. तिथे पोचल्यावर पहिल्या पाण्यात ती विरघळवायची, पाणी निवळू द्यायचं आणि मग वरचं प्यायचं. परत येताना त्यानं तिथली चिमूटभर माती आणायची, ती या रांजणात पडायची. "म्हणजे तिकडचं पाणी आपल्या माणसाला ओळखतं," तुम्ही म्हणायचा, "आणि इकडच्या पाण्याला कळतं तो कुठं होता ते."

फक्त अगदी तळ खरवडायचा नाही. का, असं मी पुष्कळदा विचारलं. "तळ असू दे" एवढंच उत्तर.

मी उकळून पाणी पिणारी बाई. त्या पाण्यात किती प्रकारचे रोग असू शकतात हे मी तुम्हाला पुस्तकातून वाचून दाखवलं. तुम्ही शांतपणे ऐकलंत आणि म्हणालात, "तुझं पुस्तक कुठल्या गावचं?" मी म्हटलं, लंडनचं. "तिथलं पाणी कसं आहे?" मी पुस्तक मिटलं. "मग राहू दे."

थोरल्या वासुदेवाला पंजाबात कालव्यांच्या खात्यात नोकरी लागली, मुक्काम मुलतान. तुम्ही त्याची वडी बांधायला घेतलीत. तुमचे भाऊ ओसरीवर सुपारी कातरत होते. ते म्हणाले, "अगं मथू, सगळा मुलूख मुलतानाहून माती आणतो, आणि तू मुलतानला माती धाडतेस?"

"आणतात ती डोक्याला, दादा. मी देते ती पोटाला."

तो पहिल्यांदा रजेवर आला तेव्हा रीतीप्रमाणे माती घेऊन आला. पिवळसर, साबणासारखी गुळगुळीत मुलतानी. मी हात पुढे केला, केसांना किती छान होईल म्हटलं, आणि सवयीनं म्हणून गेले, "वन्सं, निम्मी तुम्हाला." बोलले आणि जीभ चावली. तुम्ही डोईवरचा पदर जरा पुढे ओढलात आणि मोठ्यानं हसलात. "माझ्या डोईला धुवायचं काय राहिलंय, बाई! रांजणाला घाल." मी ती माती केसांना लावली नाही. सगळी रांजणात गेली.

*

नकाशा मी रांजणाच्या वरच्या भिंतीवर लावला. दुसरीकडे जागा नव्हती. संध्याकाळी मुलांना त्यावर भूगोल शिकवायची, तेव्हा तुम्ही वाती वळत मागे बसायचा. मी प्रांत सांगायची, राजधान्या सांगायची. तुमचे प्रश्न वेगळेच. तिथलं पाणी जड का हलकं? भाकरी कशाची? पाऊस कधी येतो, बायका सरपण कुठून आणतात, मेलेल्याला जाळायला लाकूड मिळतं का?

मी उत्तरं शोधायला लागले. मुलांच्या पत्रांत तुमचे प्रश्न घालायला लागले आणि तिकडून जी उत्तरं आली ती कुठल्याही पुस्तकात नव्हती. मुलतानात पाऊस जवळजवळ नाहीच, पण डोंगरावरचं बर्फ वितळून नद्या उन्हाळ्यातच फुगतात. लोक आकाशाकडे बघत नाहीत, कालव्याच्या दाराकडे बघतात. वऱ्हाडात उमरावतीला दिलेली आपली कमल लिहायची की जमीन काळी, उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते, आणि कापसाच्या दिवसांत घरात, दुधात, केसांत, सगळीकडे कापूस उडतो. त्या कापसाचे गठ्ठे भरलेल्या मालगाडीच्या वाघिणी मुंबईच्या वखारींकडे जातात. एकदा कल्याणास मामाकडे गेला असताना तुम्ही रुळाशी उभं राहून त्यांच्याकडे बघत होता. "आपली कमल जिथं नांदते तिथला माल आहे," असं शेजारच्या अनोळखी बाईला सांगितलंत.

धाकट्या विनूनं मद्रासहून कळवलं की आपला पाऊस संपला, दिवाळी झाली, की तिकडे सुरू होतो. तुम्ही वाती वळायच्या थांबलात. "म्हणजे आपल्याकडचं काम उरकून तो तिकडं जातो?" मी वाऱ्यांची दिशा समजावली. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "तेच की गं. बदलीची नोकरी त्याची. आपल्या मुलांसारखीच."

त्या भिंतीला रांजणाची ओल लागायची. श्रावणात ती नकाशावर चढायची, खालून, कन्याकुमारीपासून. तुम्ही सकाळी उठून बातमी द्यायचा, "वैनी, मद्रास भिजलं गं!" मी नकाशा उन्हात वाळवून पुन्हा लावायची. त्याचं दक्षिणेचं टोक कायमचं पिवळं पडलं आहे.

एकदा आपण फार भांडलो. मी म्हणाले, हा सगळा एक देश आहे. कर्जतच्या खिडकीवर पैसे टाकले की मुलतानचं तिकीट मिळतं, याहून एकपण काय असतं? तुम्ही म्हणालात, "तिकीट एक आहे. पण मुलतानात आमसूल मिळतं का? आपल्या पोराला तिथं ताप आला तर त्याची भाषा तापाला कळते का?" मी म्हणाले, तापाला भाषा नसते. तुम्ही उठून आत गेलात. मला वाटलं, मी जिंकले.

*

ताप कुणाला आला होता, ते मला पुढच्या चैत्रात कळलं.

अंगणात वड्या वाळत होत्या. तुम्ही हातात काठी घेऊन कावळे हाकत होता. मी पत्र लिहीत होते. तुम्ही माझ्याकडे न बघता विचारलंत, "त्या नकाशात जबलपूर कुठंशी?" मी म्हटलं, मध्यावर, नर्मदेजवळ. मग तुम्ही सांगितलंत.

लग्नात तुम्ही तुमच्या यजमानांना नीट पाहिलंच नव्हतं. पुढे सासरी जायचं वय झालं नव्हतं म्हणून तुम्ही माहेरीच. ते मिसरूड फुटलेले, जबलपुराकडच्या आगगाडीच्या लोखंडी सडकेच्या मोजणीवर कारकून म्हणून निघाले होते. जाताना वाटेत इथे उतरले. माजघरात या रांजणातलं पाणी प्याले. ते पाणी तुमच्या आईनं नेऊन दिलं. मग तुमच्या आईनं चुलीपुढच्या सुपातून वडी उचलून तुमच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "जा, त्यांच्या गाठोड्यात बांध. परमुलखात चालले आहेत."

"मी दारापर्यंत गेले गं," तुम्ही म्हणालात. "ते ओसरीवर जोडे घालत होते. मला त्यांच्या पायाची बोटं दिसली. मला इतकी लाज वाटली की पाय पुढं टाकवेना. ते 'येतो' म्हणाले, ते दादाला म्हणाले. गेले. वडी हातात घामानं भिजली. आई रागवेल म्हणून मी ती गुपचूप रांजणात टाकली."

काही महिन्यांनी निरोप आला. तिकडचं पाणी लागलं, असा. तेवढाच.

मी तुम्हाला काय सांगणार होते? मातीच्या वडीनं तसला ताप थांबत नाही, हेच माझं पुस्तक सांगत होतं. आणि खरं म्हणजे ते सांगण्यासारखं होतं. तुमचा त्यात काही दोष नव्हता, बारा वर्षांची पोर ती. पण मी तोंड उघडलं तेव्हा तुम्ही काठी आपटून कावळा उडवलात आणि म्हणालात, "माहीत आहे तू काय म्हणणार ते. नको म्हणूस." म्हणून मी ते कधीच म्हटलं नाही. आता म्हणते, वन्सं. तुमची वडी पोचली असती तरी ते गेले असते. ऐकू येत असेल तर ऐका.

वासुदेव पुढच्या खेपेला परतीला निघाला तेव्हा तुम्ही त्याला विचारलंत, "तुझी गाडी जबलपुरास थांबते का रे? मग येताना उतरून चिमूटभर आण." त्यानं आणली. कागदाची पुडी उघडली तर आत काळी भुकटी. फलाटाच्या कडेची, उचलायला दोन मिनिटंही न मिळालेली. मी बघितलं आणि म्हटलं, "वन्सं, ही माती नव्हे. ही इंजिनाची राख आहे."

तुम्ही पुडी माझ्या हातातून घेतलीत. "राखच आहे ना? मग बरोबर आहे."

काठावर टक् टक् करून तुम्ही ती पाण्यात सोडलीत. त्या दिवशी मी माझं उकळलेलं पाणी बाजूला ठेवलं आणि रांजणातलं प्याले. हे तुम्हाला ठाऊक नव्हतं. त्याची चव पाण्यासारखीच होती.

*

आता जे लिहिते ते वाचून मुलं हसतील. हसू देत. मी इंग्रजी शिकलेली बाई आहे, भुतंखेतं मानत नाही. पण झालं ते लपवणं हेही मला जमत नाही.

तुम्ही गेल्यापासून दुपारी, तुमच्या एकवेळच्या जेवणाच्या सुमारास, रांजणाच्या काठावर टक् टक् ऐकू येतं. दोनदा. पहिल्यांदा मला वाटलं, घाटाच्या गाडीनं जमीन हादरते आणि खुंटीवरचं ओगराळं काठावर आपटतं. मी ओगराळं काढून स्वयंपाकघरात नेऊन ठेवलं. दुसऱ्या दिवशी गाडी नव्हती, ओगराळं नव्हतं, आवाज आला.

पाणीही उतरतं आहे. सुतकात त्याला कुणी हात लावला नाही, तरी रोज बोटभर खाली. उन्हाळा आहे, मातीचं भांडं आहे, पाणी झिरपतं, हे मला कळतं. तरी सकाळी उठून पहिल्यांदा मी तिथेच जाऊन बघते, हेही खरं.

चांगुणा माजघरात यायला तयार नाही. करवंदांची टोपली ओसरीवर ठेवते आणि तिथूनच ओरडते.

"बाई, आमी नाय येनार आत. आत्याबाई हाय तितं."

"काहीतरी बोलू नकोस गं. बसली आहे का ती? दिसली का तुला?"

"दिसाया कशाला पायजे? जित्या व्हत्या तवा बी त्या कोपऱ्यात बसून आमाला शिव्या घालायच्या, पानी सांडलं म्हणून. आता कुटं जातील? त्यांना कुटं जायाचं म्हायतीच नाय!"

मी तिला दटावलं. मग आत येऊन भिंतीला टेकून बसले. त्यांना कुठं जायचं माहीतच नाही. चांगुणा हसायला म्हणून बोलून गेली, पण ते वाक्य माझ्यापाशी राहिलं. या घरातून निघालेल्या प्रत्येक माणसाला तुम्ही वाटेला लावलंत, वन्सं. तुम्ही निघालात तेव्हा वाटेला लावायला कुणी नव्हतं.

*

वरची पानं लिहून ठेवली आणि वासुदेव परवा पोचला. तार त्याला कालव्याच्या दौऱ्यावर फार उशिरा मिळाली; मिळाल्याबरोबर निघाला होता, तरी एवढा देश ओलांडायला लागायचा तेवढा वेळ लागलाच. डोळे लाल, कपड्यांवर उत्तरेची धूळ. अस्थींची लोटी मी परड्यातल्या पारिजातकाला टांगून ठेवली होती. तिच्यापुढे त्यानं हात जोडले. मग आत आला, रांजण पाहिला आणि म्हणाला, "हा अजून इथेच?"

"आहे."

"आई, आता तू माझ्याबरोबर चल. बाबा नाहीत, आता आत्याही नाही. इथे तुझं कोण आहे?"

मी त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. त्याची नजर माझ्या डोक्यावरून भिंतीकडे गेली.

"उन्हाळ्यात एवढी ओल? आई, नकाशा बघ."

मी इतके दिवस पाण्याकडे बघत होते, वर पाहिलंच नव्हतं. रांजणातून उतरलेलं पाणी भिंतीत चढलं होतं. मद्रास भिजून गेलं होतं, निजामाचा मुलूख भिजला होता, उमरावतीचा काळा ठिपका फुगला होता. ओलीची रेघ नर्मदेच्या जराशी खाली, जबलपूरच्या डाव्या अंगाला येऊन थांबली होती. कच्च्या भिंतीला पाणी चढतं, यात नवल नाही. रेघ कुठेतरी थांबणारच. मी हे सगळं स्वतःला समजावलं. तरी बोट त्या रेघेवर ठेवलं.

ती माती तेवढी. तळाची. जी तुम्ही कुणाला खरवडू दिली नाहीत.

"वासुदेव," मी म्हटलं, "कुदळ आण."

त्यानं रांजणाभोवतीची जमीन खणली. पाणी उपसून तुळशीला घातलं. वरचा गाळ मी ओंजळीनं सुपात काढला. या वर्षी तो काढायचा राहिला होता. त्यात थोडी पिवळी झाक होती, थोडी काळी, बाकी सगळी आपली राखाडी. कुठली माती कुठल्या मुलखाची, हे आता कुणालाही सांगता यायचं नाही. त्याच्याखाली तळाला चिकटलेला एक थर होता, विटेसारखा घट्ट. मी उलथन्यानं तो सोडवला. त्यात तुमची वडी कुठली, हे मी शोधलं नाही. सगळाच घेतला. तुमच्या जुन्या आलवणाची चिंधी फाडली आणि त्यात बांधला.

मग रांजणाला नमस्कार केला आणि वासुदेवाला म्हटलं, फोड.

लोटी झाडावरून उतरवून तिच्या गळ्याला मी ती पुरचुंडी बांधली. गाठ दोनदा मारली. "जबलपुरास उतर," मी सांगितलं, "एक गाडी सोड. आत्याला नर्मदेत सोडायचं. ही माती आणि अस्थी एकत्रच पाण्यात जाऊ देत. मागे-पुढे नाही."

वासुदेवानं पुरचुंडीची गाठ चाचपली. "आई, तू हे मानतेस?"

"मी मानत नाही. तिचं वाक्य राहिलं होतं, ते पुरं करते आहे."

त्यानं पुन्हा चलण्याबद्दल विचारलं. मी म्हटलं, "पुढच्या चैत्रात वड्या कोण थापणार?" बोलल्यावर मलाच नवल वाटलं.

काल तो निघाला. लोटी छातीशी धरून ओसरीवर जोडे घातले, पायरी उतरला आणि थांबला. कालव्यांवर शेकडो माणसांना हुकूम देणारा, कानापाशी पिकलेला माणूस तो. पाठमोराच म्हणाला, "आई, माझी वडी?"

सुपातल्या गाळाच्या मी वड्या थापल्या होत्या, पण त्या पुऱ्या वाळल्या नव्हत्या. जरा ओलसरच एक उचलली. आतून ओसरीपर्यंत आले, पायऱ्या उतरले आणि त्याच्या उपरण्याच्या कोपऱ्यात बांधून दिली.

आज सकाळी चांगुणाच्या नवऱ्यानं कुंभाराकडून नवा रांजण आणून खड्ड्यात बसवला. चांगुणानं नदीचं पाणी भरलं. या खेपेला ती बिनघोर आत आली. नकाशा मी उन्हात टाकला आहे, पण तो आता वाळून सरळ होईल असं वाटत नाही.

दुपारी तुमच्या जेवणाच्या वेळेला मी माजघरात येऊन बसले. बाहेर घाटाची गाडी आली, इंजिन लागलं, शिट्टी झाली, गाडी गेली. मी कान देऊन थांबले. काठावर काही वाजलं नाही.

पुष्कळ वेळ बसले, वन्सं. मग उठले, ओगराळं घेतलं आणि पाणी काढण्याआधी काठावर दोनदा वाजवलं.